शाफ्टच्या तळाशी वाळू उकळतेय, तातडीने सल्ला हवा (खाण, १३.४ मीटर खोली)

भांडुपचा_इंजिनिअर | १४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. सोळा वर्षं मुंबईत पाण्याचे बोगदे आणि मेट्रोच्या शाफ्टची कामं केली. जूनपासून मध्य भारतातल्या एका खाणीवर आहे. जवळचं रेल्वे स्टेशन १४० किमी, शेवटचे ३० किमी कच्चा रस्ता. काम हवा खेळवण्याच्या शाफ्टचं आहे: आतला व्यास ६.५ मीटर, एकूण खोली ४२० मीटर.

खालचा खडक उत्तम आहे. अडचण वरच्या ४८ मीटरची. ६ मीटरपर्यंत मुरूम, तिथून ३० पर्यंत चिकणमाती, ३० ते ३७ वाळू आणि तळाला गोटे, ४८ पर्यंत कुजलेला शिस्ट (पापुद्र्यांचा खडक), मग पक्का शिस्ट. वाळूतलं पाणी दाबाखाली आहे, पिझोमीटरमध्ये (भूजलाची पातळी मोजायच्या नळीत) जमिनीखाली ६ मीटरवर उभं राहतं. आम्ही १.२ मीटरच्या टप्प्यांनी खोदून प्रत्येक टप्प्याला आरसीसी रिंग टाकत उतरत होतो.

परवा सकाळी १३.४ मीटरवर तळाच्या एका बाजूने पाणी बुडबुडायला लागलं. आधी स्वच्छ होतं, तासाभरात करडी बारीक वाळू यायला लागली. खाली चार जण होते, चौघांना लगेच वर घेतलं. वाळूच्या गोण्या टाकल्यात आणि पंप चालू आहे. मिनिटाला साधारण २०० लिटर येतंय. वरून दबाव आहे की काहीतरी करून काम चालू ठेवा. तीन ठेकेदारांचे तीन प्रस्ताव आलेत: जेट ग्राउटिंग (झोताने जमिनीत सिमेंट मिसळणं), सिकंट पाईल (एकमेकांत घुसलेल्या काँक्रीटच्या खांबांची भिंत) आणि जमीन गोठवणं. मला यातलं काहीच धड पटत नाहीये.

शिवडी_निवृत्त | १५ नोव्हेंबर, पहाटे ५.४०

पंप आत्ता बंद करा. हे वाचून झाल्यावर नव्हे, आत्ता.

तुम्ही पाणी उपसताय तोवर वाळू येत राहणार, आणि ती ३० मीटरवरून येतेय. तिथे पोकळी तयार होतेय आणि तुमच्या रिंगा त्या पोकळीच्या वर टांगलेल्या आहेत. नाल्यातून, टँकरने, जसं जमेल तसं बाहेरचं स्वच्छ पाणी शाफ्टमध्ये भरा. आतली पातळी ६ मीटरवर आली की खालचा दाब आणि वरचं पाणी बरोबरीला येतील आणि वाळू थांबेल. ते आपोआप भरण्याची वाट पाहू नका. आपोआप भरणारं पाणी वाळू घेऊनच येतं. गोण्यांनी भोक दाबायलाही जाऊ नका, पाणी शेजारून फुटेल. टाकायचीच असेल तर जाड खडी टाका, म्हणजे पाणी जाईल आणि वाळू अडेल.

आता तुमचेच आकडे बघा. वाळूच्या माथ्यावर पाण्याचा दाब २४ मीटरचा, म्हणजे चौरस मीटरला २४ टन. तळाखाली उरलेली चिकणमाती १६.६ मीटर. घनमीटरला १.९ टन धरली तर वजन साडेएकतीस टन. गुणोत्तर १.३१. म्हणजे या खोलीला तुमचा तळ उचलला जायला नको होता. हे पाणी चिकणमाती फोडून आलेलं नाही, त्याला वाट मिळालीय. शाफ्टच्या आत कुठे जुनं बोअरहोल आहे का, ते शोधा.

आणि हेही लिहून ठेवा, की साडेसतरा मीटरला हेच गुणोत्तर एकच्या खाली जातं. म्हणजे भोक नसतं तरी आणखी चार मीटरवर पूर्ण तळ उचलला गेला असता. या भोकाने तुम्हाला आधीच सावध केलंय.

भांडुपचा_इंजिनिअर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

काका, पंप बंद केले. पाणी भरायला सुरुवात केलीय. जुने नकाशे मागवलेत.

कुर्ला_टर्मिनस | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

वाळू आणि दाबातलं पाणी एकत्र आलं की काय होतं ते कोलकात्यात बऊबाजारला ऑगस्ट २०१९ मध्ये दिसलंय. मेट्रोचं टीबीएम (बोगदा खोदणारं यंत्र) पाण्याच्या थराला लागलं, माती बोगद्यात वाहून गेली आणि वरची घरं खचली, माणसं बेघर झाली. तीन वर्षांनी त्याच भागात पुन्हा पाणी आलं. तुमच्या वर वस्ती नसेल, पण रिंगांच्या मागची माती गेली तर काठही जाईल. काठापासून २० मीटरच्या आत क्रेन, काँक्रीट मिक्सर, काही उभं करू नका.

भांडुपचा_इंजिनिअर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५०

पातळी ६.३ मीटरवर स्थिर आहे. बुडबुडे थांबले. रिंगांवर तडा नाही, काठाच्या खुंट्यांची लेव्हल २ मिमीच्या आत आहे. क्रेन मागे घेतलीय. चार दिवसांनी आज झोपेन.

आणि काका, भोक सापडलं. सात वर्षांपूर्वीच्या शोधमोहिमेतलं बोअरहोल, कागदावर 'भरले' अशी नोंद. शाफ्टच्या मध्यापासून १.९ मीटरवर येतं. वरचा भाग तेवढा खोदकामाच्या चुऱ्याने बुजवला होता, खाली तसंच मोकळं. शाफ्टची जागा नंतर ठरली आणि कोणी जुना नकाशा नव्यावर ठेवून पाहिला नाही. मीही पाहिला नाही.

शिवडी_निवृत्त | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

छान. आता घाई करू नका. पाणी भरलेलं असताना शाफ्टवर गर्डर टाकून प्लॅटफॉर्म बांधा. तिथून केसिंग (संरक्षक पाईप) उतरवून त्याच भोकात रॉड ३० मीटरपर्यंत न्या आणि ग्राउट, म्हणजे सिमेंट आणि बेंटोनाईट मातीचं पातळ मिश्रण, खालून वर भरत या. वरून ओतलेलं ग्राउट पाण्यात विरघळून जातं. ग्राउट वर दिसेपर्यंत रॉडचं टोक त्यात बुडालेलं राहिलं पाहिजे.

मुंबईत आपल्याला खडकाने लाडावून ठेवलंय. वर भराव आणि खाडीचा चिखल, तो पाईलने अडवला की खाली बेसॉल्ट. अमर महालच्या जलबोगद्याच्या शाफ्ट १०० मीटरच्या पुढे गेल्या, पण तिथे पाणी आलं तरी फटींतून, दोन लाव्हा थरांच्या सांध्यातून किंवा तांबड्या बोलच्या (लाव्हा थरांमधल्या लाल मातीच्या) पट्ट्यातून येतं. पुढे प्रोब (चाचणीचं भोक) मारा, लुजॉन (खडक किती पाझरतो याची चाचणी) घ्या, सिमेंट भरा, झालं. ब्रेशिया (तुकड्यातुकड्यांचा ज्वालामुखी खडक) हवेला उघडा पडला की भुसभुशीत होतो म्हणून शॉटक्रीट (फवाऱ्याचं काँक्रीट) लवकर मारायचं, एवढीच दक्षता. वाळूचं तसं नाही. वाळूत फट नसते, सगळीकडे सारखंच पाणी असतं.

पाषाणरेखा | १७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी भूवैज्ञानिक, मूळची भंडाऱ्याची, आता ठाण्यात. पद्धत ठरवण्याआधी तीन गोष्टी हव्यात: वाळूचं आणि गोट्यांचं चाळण विश्लेषण, पाण्याची आडवी गती आणि आसपासच्या हातपंपांची यादी.

३० मीटर चिकणमातीखाली एवढी स्वच्छ वाळू म्हणजे बहुतेक पुरलेली जुनी नदी. अशी वाळू पट्ट्यात असते आणि पट्टा किलोमीटरभर लांब जाऊ शकतो. गावाचे हातपंप त्याच पट्ट्यावर असतील तर तुम्ही उपसलेलं पाणी त्यांचं आहे. उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो, तो आहे ना तेही बघा. आणि कागदाच्या आधी गावात जाऊन सांगा.

भांडुपचा_इंजिनिअर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.००

ताई, चाळणीचे निकाल असे. वाळूचा डी-१५ (ज्या मापापेक्षा १५ टक्के कण बारीक, ते माप) ०.१८ मिमी, तळाच्या गोट्यांचा १.५ मिमी. पूर्वेला ८०० मीटरवर पाडा आहे, तीन हातपंप, तिन्ही ३५ ते ४० मीटर खोल. म्हणजे त्याच वाळूत. दाखला खाणीच्या नावावर आहे, पण या उपशाचा आकडा त्यात बसत नाही, वाढीव अर्ज उद्या जातोय.

खारघर_ड्रिलर | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

जेट ग्राउटिंग हाच माझा व्यवसाय आहे, तरी इथे नको म्हणेन. ४०० बारच्या झोताने माती कापून सिमेंटमध्ये मिसळायची आणि एकमेकांत घुसलेले खांब उभे करायचे. बीकेसीसारख्या चिखलात, १५ मीटरपर्यंत, डोळे झाकून करा. पण तुम्हाला ४० मीटर जायचंय. ड्रिल १ टक्का कललं तर ४० मीटरवर खांब ४० सेंमी सरकतो. १ मीटरचे खांब ८० सेंमी अंतरावर ठेवले तर एकमेकांत घुसणं फक्त २० सेंमी. शेजारचे दोन विरुद्ध दिशांना सरकले की मध्ये दार उघडं. शिवाय गोटा आला की झोत त्याच्यावर अडतो आणि मागे सावलीत कोरी वाळू राहते. पाणी नेमकं तिथून येईल.

सिकंट पाईललाही कलण्याचं हेच गणित. शिवाय ते रिग तुमच्या कच्च्या रस्त्याने कसं आणणार? पुलांची क्षमता आधी मोजा.

गिरगाव_ते_सास्काटून | १९ नोव्हेंबर, रात्री ११.५५

मी गिरगावचा, बारा वर्षं कॅनडात पोटॅशच्या (खतासाठीच्या खनिजाच्या) खाणींत. गोठवण्याबद्दल लिहितो, कारण ते आमचं रोजचं आहे.

पोटॅश साधारण १ किमी खोल. वाटेत ब्लेअरमोर नावाचा पाण्याने भरलेला वालुकाश्म आणि वाळूचा थर लागतो. सिमेंट भरून त्यातून जाण्याचे प्रयत्न करून लोक थकले, शेवटी गोठवूनच शाफ्ट उतरल्या आणि त्या भागाला ओतीव लोखंडाच्या रिंगांचं अस्तर लागलं. पद्धत जुनी आहे: जर्मन खाण अभियंता पोएत्श याने १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. शाफ्टभोवती मीटर-सव्वा मीटरवर भोकं, त्यात नळीत नळी, आत उणे २५ ते ३० अंशांचं कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण फिरवत ठेवायचं. प्रत्येक नळीभोवती बर्फाचा दंडगोल वाढतो आणि काही आठवड्यांत शेजारचे दंडगोल मिळून भिंत होते.

याचं मोठं बळ असं की जमीन किती पाझरते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चिकणमाती, वाळू, गोटे, सगळं एकाच भिंतीत येतं. भिंत पूर्ण मिळाली हे कसं कळतं ते मला अजूनही सुंदर वाटतं. मध्यभागी एक उघडी नळी ठेवतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे बाहेरची वाट बंद झाली की आत अडकलेलं पाणी त्या नळीतून वर चढायला लागतं. तो दिवस साईटवर सणासारखा असतो.

चेंबूर_बीई_सिव्हिल | २० नोव्हेंबर, सकाळी ९.२०

सर, मी शेवटच्या वर्षाला आहे. वीज गेली तर बर्फ वितळून भिंत कोसळणार नाही का? आणि मग इथे गोठवणंच का नको?

गिरगाव_ते_सास्काटून | २० नोव्हेंबर, रात्री ११.३०

काही तास वीज गेली तर काही होत नाही, एवढ्या गार मातीला तापायला वेळ लागतो. घात करतं ते वाहतं पाणी. भूजल दिवसाला एकदोन मीटरपेक्षा वेगाने सरकत असेल तर ते थंडी धुऊन नेतं आणि भिंतीत खिडकी राहते. मग द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंशांचा. तो त्या कच्च्या रस्त्याने रोज आणणं सोपं नाही. पाणी खारं असेल तर गोठणबिंदूही खाली जातो.

आणि इथे का नको, त्याचं उत्तर थराच्या जाडीत आहे. आमच्याकडे शेकडो मीटर गोठवायचे असतात. सिगार लेकच्या युरेनियम खाणीत २००६ ला पाणी शिरल्यावर वर्षानुवर्षं गेली, तिथे धातुकच गोठवून काढतात आणि उत्पादन २०१४ ला सुरू झालं. एवढी गरज असेल तर खर्च शोभतो. सात मीटर वाळूसाठी कित्येक महिने शीतयंत्रं, डिझेल जनरेटर आणि चोवीस तास माणसं, हे मला जड वाटतं. पण बाकीचे मार्ग फसले तर गोठवणं हा शेवटचा भरवसा आहे. त्यासाठीचं भोकांचं वर्तुळ नकाशावर मोकळं ठेवा, तिथे काही बांधू नका.

पाषाणरेखा | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

चाळणीवरून सांगते. मातीचा डी-१५ भागिले सिमेंटचा डी-८५ (८५ टक्के कण याहून बारीक), हे गुणोत्तर २४ च्या वर असेल तर ग्राउट आत शिरतं, ११ च्या खाली असेल तर शिरत नाही. साध्या सिमेंटचा डी-८५ ०.०५ मिमी धरा. गोट्यांसाठी १.५ ला ०.०५ ने भागा: ३०. छान शिरेल. वाळूसाठी ०.१८ ला ०.०५: जेमतेम ३.६. कितीही दाब द्या, शिरणार नाही. उलट माती फाटेल आणि सिमेंट पापुद्र्यांसारखं भलतीकडे जाईल. बॅगा संपतील, कागदावर ग्राउटिंग झालेलं दिसेल आणि पाणी तसंच राहील.

अतिसूक्ष्म सिमेंटचा डी-८५ ०.००८ असेल तर वाळूसाठी गुणोत्तर २२.५ येतं. सीमेवर, पण करण्यासारखं. सोडियम सिलिकेट नक्की शिरेल, पण पाड्याचे हातपंप त्याच थरात आहेत. ते द्रावण अल्कधर्मी असतं. शक्य तोवर ते टाळावं असं माझं ठाम मत आहे.

म्हणून क्रम असा सुचवते: आधी गोट्यांत साधं सिमेंट-बेंटोनाईट, म्हणजे खालची मोठी वाट बंद होईल. मग वाळूत अतिसूक्ष्म सिमेंट. दोन्ही एकाच स्लीव्ह पाईपमधून, टप्प्याटप्प्याने. त्यात रबराच्या पट्ट्या असतात, हव्या त्या खोलीला पॅकर (नळी अडवणारं बूच) लावून तेवढीच पट्टी उघडायची. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाता येतं हा त्याचा खरा उपयोग.

शिवडी_निवृत्त | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

पाषाणरेखाताईंशी सहमत. ग्राउटची कडी, म्हणजे शाफ्टभोवतीचं ग्राउट भरलेलं कडं, खालच्या कुजलेल्या शिस्टमध्ये ३ मीटर तरी रुतवा, नाहीतर पाणी कडीच्या पायाखालून येईल. बाहेरून दाब कमी करणाऱ्या विहिरीही घ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. हिशेब करा: बाहेरची पातळी २० मीटरवर आणली तरी वाळूच्या माथ्यावर दाब १० टन उरतो. १.२ चं सुरक्षा गुणोत्तर धरलं तर तळाखाली ६.३ मीटर चिकणमाती हवी. म्हणजे २३.७ मीटरपर्यंतच जाता येईल. पुढे कडी पाणी अडवत असली पाहिजे. चिकणमाती रिंगांना घट्ट धरून राहते म्हणून तळ उचलणार नाही असं कोणी म्हणालं तर त्या धरण्याला हिशेबात शून्य धरा.

खारघर_ड्रिलर | २१ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

विहिरींसाठी बोअरवेलची गाडी बोलावू नका. तिरुचेंगोडच्या गाड्या कुठल्याही जंगलात दोन दिवसांत पोचतात, म्हणून मोह होतो. पण त्या हवेच्या दाबाने खडक फोडणाऱ्या. वाळूत ती हवा घुसली की वाळू ढवळून निघते आणि तुमच्या चिकणमातीला नवी वाट पडते. चिखलाच्या द्रावणाने खोदणारं रोटरी रिगच हवं. एक महिना थांबावं लागलं तरी थांबा.

भांडुपचा_इंजिनिअर | ९ डिसेंबर, रात्री १०.३०

जुनं भोक बंद झालं. हिशेबाने ०.४ घनमीटर ग्राउट लागायला हवं होतं, २.१ लागलं. म्हणजे खाली पोकळी झालीच होती.

शाफ्टबाहेर १२ मीटर त्रिज्येवर सहा विहिरी आणि ग्राउटच्या दोन ओळी असा आराखडा मंजूर झाला. मंजुरीच्या बैठकीत काकांचं साडेसतरा मीटरचं गणित फळ्यावर लिहिलं. त्यानंतर 'काम चालू ठेवा' असं कोणी म्हणालं नाही.

पाड्यावर गेलो होतो. हातपंपांची पातळी रोज सकाळी मोजायची आणि ती दीड मीटरपेक्षा जास्त उतरली तर आमचा उपसा थांबवायचा, असं ठरलं. मोजणीचं काम पाड्यावरच्याच दोन मुली करतायत, त्यांच्याकडे टेप आणि वही दिलीय. उपसलेलं पाणी गाळ बसवून त्यांच्या तलावात सोडतोय.

भांडुपचा_इंजिनिअर | २६ जानेवारी, दुपारी ४.००

बराच उशीर झाला लिहायला. अतिसूक्ष्म सिमेंटच्या पहिल्या खेपेतल्या ६० बॅगा धुक्याने दमट होऊन गुठळ्या झाल्या. मुंबईत असतो तर भिवंडीला फोन केला असता, संध्याकाळी माल हजर. इथे १९ दिवस गेले. आता गोदामात जमिनीपासून फूटभर उंच फळ्या, दुहेरी ताडपत्री, आणि बॅग उघडली की चाळून मगच मिक्सरमध्ये.

नाल्याच्या पाण्याने ग्राउट उशिरा घट्ट होत होतं. पहिल्या चाचणीत ते कळलं म्हणून बरं. आता विहिरींचंच पाणी वापरतो.

पाषाणरेखा | २७ जानेवारी, सकाळी ८.१५

ग्राउट किती गेलं हे न बघता कसं गेलं ते बघा. दुसऱ्या फेरीला त्याच पट्टीवर दाब चढला आणि माल कमी गेला तर काम होतंय. दाब तोच आणि माल तितकाच जात असेल तर ते कुठेतरी दूर पळतंय.

भांडुपचा_इंजिनिअर | १८ मार्च, रात्री ११.१०

आज उपसा चाचणी घेतली. कडीच्या आत मध्यभागी विहीर, ४८ तास पंप. आतली पातळी ३५ मीटरवर गेली, बाहेरची फक्त ६० सेंमी उतरली. ईशान्येला मात्र एका पिझोमीटरने १.८ मीटर दाखवले. तिथे खिडकी आहे. चार जादा स्लीव्ह पाईप टाकून तिथे तिसरी फेरी घेतोय.

शिवडी_निवृत्त | १९ मार्च, पहाटे ५.५५

खिडकी कागदावर सापडली, पायाखाली नाही. घ्या तिसरी फेरी, आणि मग पुन्हा पूर्ण ४८ तास चाचणी. अर्धी नको.

भांडुपचा_इंजिनिअर | २२ मे, सायंकाळी ६.४५

आज ४१.२ मीटरवर शेवटची रिंग टाकली, तळ कुजलेल्या शिस्टमध्ये आहे. वाळूचा पूर्ण पट्टा कोरड्या पायांनी उतरलो. ग्राउट झालेली वाळू फावड्याने निघत नव्हती, ब्रेकर लावावा लागला. तिचा एक तुकडा काकांसाठी आणतोय, शिवडीला घरी येऊन देईन. पावसाळ्याआधी ५० मीटरवर पक्क्या खडकात काँक्रीटचा कर्ब (रिंगांना आधार देणारं कडं) बसवायचा आहे.

पाड्याच्या हातपंपांची पातळी सर्वांत जास्त उतरली ती ९० सेंमी. एप्रिलपासून परत चढतेय.

चेंबूर_बीई_सिव्हिल | २२ मे, रात्री ८.२०

सर, अभिनंदन! सात वर्षांपूर्वीच्या मोहिमेतली बाकीची बोअरहोलं कुठे आहेत? ती पण तशीच मोकळी असतील ना?

भांडुपचा_इंजिनिअर | २२ मे, रात्री ९.००

एकूण ११ होती. शाफ्टमधलं धरून ९ सापडली आणि खालून वर भरून बंद केली. दोन अजून मिळत नाहीत, एक बहुतेक पाड्याच्या वाटेवर झुडपात आहे. सोमवारी जुना सर्व्हेअर येतोय, त्याच्याबरोबर शोधायला जाणार आहे.